परमिट पेंडिंग आणि आम्ही देवगडात

आधीच सांगून टाकते, कारण गणपतीपासून हेच सांगत फिरतेय. रीएन्ट्री परमिट, म्हणजे ग्रीन कार्डवाल्याला जास्त दिवस बाहेर राहून परत अमेरिकेत यायचा कागद, त्याचा अर्ज पेंडिंग असताना अमेरिकेतून बाहेर पडता येतं, त्याने अर्ज रद्द होत नाही, ग्रीन कार्ड जात नाही, आणि आम्ही दोघं काही तिकडून पळून आलेलो नाही. जामसंड्याच्या बाजारात मासे घेताना सुद्धा कोणीतरी विचारतंच, "बाई, परमिट आलं नाही म्हणता, मग तुम्ही आलात कशा?" (मी इथल्याच शाळेत शिकवायचे त्यामुळे निम्मा बाजार मला अजून बाईच म्हणतो.) आणि विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांची मुलं न्यू जर्सी नाहीतर टेक्सासला आहेत, त्यांचं स्वतःचं ग्रीन कार्ड झालेलं आहे नाहीतर होऊ घातलंय, म्हणून म्हटलं एकदाचं लिहूनच काढते, म्हणजे लिंक पाठवली की झालं.

आमची कथा बऱ्याच घरांतली आहे. लेक न्यू जर्सीत एडिसनला, ती सिटिझन झाली आणि तिने आम्हा दोघांसाठी अर्ज केला. सिटिझन मुलगा-मुलगी २१ वर्षांची झाली की आईवडिलांसाठी अर्ज करता येतो आणि त्या प्रकाराला कोटा नाही, त्यामुळे भावंडांसारखी वर्षानुवर्षं रांग नाही. मुंबईत बीकेसीला अमेरिकन कॉन्सुलेटमध्ये इंटरव्ह्यू झाला, मेडिकल झालं, कार्ड आलं. लेक खूश, जावईबापू खूश, नातू खूश. फक्त ह्यांना विचारायचं राहून गेलं की तुम्हाला तिकडे राहायचंय का. म्हणजे विचारलं होतं, पण ह्यांनी "बघू" म्हटलं होतं, आणि आमच्या घरात बघू म्हणजे नाही, हे लेकीला अजून कळलेलं नाही.

कारण इकडे काय काय आहे ते बघा. सासूबाई नव्वदीच्या, हिंडत्याफिरत्या आहेत पण एकट्या ठेवण्यासारख्या नाहीत. घरचा गणपती आमच्याकडे. आणि बाग. हापूसची कलमं कराराने दिली तरी मालकाने बघावं लागतं, मोहोर कधी आला, फवारणी वेळेवर झाली की नाही, तुडतुडा लागला की करारवाला फोन करणार आणि ह्यांनी तो एडिसनच्या किचनमध्ये उभं राहून रात्री घ्यायचा, असं एक वर्ष करून बघितलं. बागही धड झाली नाही आणि झोपही.

मग सुरू झालं ते "टच करून येणं". हा शब्द ग्रीन कार्डवाल्या आईबाबांच्या प्रत्येक ग्रुपवर आहे. सहा महिन्यांनी एकदा जाऊन टच करून यायचं, की कार्ड सेफ. आम्हालाही कोणीतरी असंच सांगितलेलं आणि आम्ही तसंच केलं. असा काही नियमच नाही, हे आम्हाला अबूधाबीच्या विमानतळावर कळलं.

तिथे एक गंमत आहे, अबूधाबीला अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच होतं, विमानात बसायच्या आधी, म्हणजे न्यूयॉर्कला उतरलात की थेट बॅगा घेऊन बाहेर. आम्ही त्या रांगेत उभे. ऑफिसर तरुण होता, हसतमुख होता. माझा पासपोर्ट चाळला, ह्यांचा चाळला, किती दिवस बाहेर होतात, काय करत होतात, असं विचारलं. आणि मग अगदी सहज म्हणाला, "व्हेअर डू यू लिव्ह?" आणि हे, माझ्याकडे न बघता, छाती काढून, "देवगड!"

मी हळूच चिमटा काढला. ह्यांना वाटलं नीट ऐकू गेलं नाही म्हणून काढला, तर त्यांनी परत मोठ्याने सांगितलं, "देवगड, सिंधुदुर्ग, महाराष्ट्र."

त्याने कार्ड खाली ठेवलं आणि आम्हाला दोघांना नीट समजावलं, आणि खरं सांगायचं तर इतक्या वर्षांत कोणी इतकं स्वच्छ सांगितलं नव्हतं. हे कार्ड अमेरिकेत राहणाऱ्याचं आहे. वरची तारीख दहा वर्षांची असते ती कार्डाची मुदत, दहा वर्षं बाहेर राहायची परवानगी नव्हे. वर्षाच्या आत आलात तर हे कार्ड दाखवून आत येता येतं, पण दरवेळी थोडे दिवस येऊन परत जाताय असं दिसलं तर आम्ही विचारणारच की तुमचं घर नेमकं कुठे. आणि जास्त दिवस तिकडे राहणं भाग असेल तर रीएन्ट्री परमिट काढा. शिक्का मारला, हसला, सोडलं. विमानात बसेपर्यंत मी ह्यांच्याशी बोलले नाही. हे म्हणतात मी खोटं काय बोललो? आणि तिथेच सगळी अडचण आहे, कारण खोटं काहीच बोलले नव्हते.

मग लेकीने वकील गाठला. परमिट म्हणजे मला जे समजलं ते असं, शाळेत आम्ही दीर्घ रजेचा अर्ज द्यायचो ना, नोकरी सोडत नाही, कारणाने जातेय, परत रुजू होणार, तसं. ते साधारण दोन वर्षांचं मिळतं, मिळाल्याच्या तारखेपासून मोजायचं. ते हातात असलं की नुसतं "तुम्ही फार दिवस बाहेर होता" एवढ्या कारणावरून तुमचं कार्ड काढून घेता येत नाही. बाकी चौकशी करायचा त्यांचा हक्क राहतोच. मुदत वाढवून मिळत नाही, संपली की परत तिकडे जाऊन नवीन अर्ज. आणि ग्रीन कार्ड झाल्यावर गेल्या पाच वर्षांतली चारपेक्षा जास्त वर्षं बाहेरच काढली असतील तर पुढचं परमिट एरवी एकच वर्षाचं देतात. म्हणजे आयुष्यभर परमिटवर देवगडात बसून राहू असं होत नाही.

आता मुख्य मुद्दा, ज्याच्यावर सगळ्यांचा गोंधळ आहे. अर्जाचा फॉर्म आय-१३१. हा एकच फॉर्म बऱ्याच वेगवेगळ्या कागदांसाठी वापरतात. त्यातला एक म्हणजे ॲडव्हान्स पॅरोल, बाहेर जाऊन परत यायची आधी घेतलेली परवानगी, तो ज्यांचं ग्रीन कार्ड अजून व्हायचंय त्यांच्यासाठी. तो हातात यायच्या आधी असा माणूस बाहेर गेला तर त्याचा तो अर्ज सोडून दिल्यासारखा धरतात आणि बहुतेकांचा मूळ ग्रीन कार्डाचा अर्ज सुद्धा गोत्यात येतो. हे ज्यांच्या बाबतीत झालंय ते ग्रुपवर कळकळीने लिहितात, "आय-१३१ पेंडिंग असताना अजिबात बाहेर पडू नका!" आणि ते वाचून ग्रीन कार्ड झालेले आईबाबा घाबरून तिकिटं कॅन्सल करतात. माझ्या ओळखीच्या एका जोडप्याने घरची वास्तुशांत चुकवली ह्या पायी. अहो, फॉर्म एक असला तरी प्रकरण वेगळं आहे. आपलं कार्ड झालेलं आहे, वर्षाच्या आत परतायला आपल्याला परमिट लागतच नाही, कार्ड पुरतं.

दोन गोष्टी मात्र पक्क्या. एक, अर्ज करताना तुम्ही अमेरिकेत प्रत्यक्ष हजर पाहिजे. इथून देवगडातून लेकीला "तू भर माझा फॉर्म" असं चालत नाही. ज्या दिवशी अर्ज दाखल होतो त्या दिवशी अंगाने तिकडे असायचं. दुसरं म्हणजे बायोमेट्रिक्स, फोटो आणि बोटांचे ठसे, हे १४ ते ७९ वयाच्या सगळ्यांना, आणि ते तिकडच्याच सेंटरवर. त्याची चिठ्ठी घरी येते, तारीख त्यात असते. तारीख बदलून मागता येते, पण न कळवता गेला नाहीत तर अर्ज सोडून दिला असं समजतात. म्हणून लोक काय करतात, अर्ज केला की लगेच इकडे येतात आणि मग चिठ्ठी आली की ठशांसाठी परत विमानाचं तिकीट काढून धावतात. त्यापेक्षा तेवढे आठवडे थांबा, ठसे द्या आणि मग निघा. कधीकधी जुनेच ठसे वापरतात आणि बोलवत नाहीत, पण ती चिठ्ठी सुद्धा येते, तिची वाट बघा.

आमच्या ठशांचं सांगते. माझे झाले पटकन. ह्यांचे होईनात. जन्मभर ओले काजू सोललेली बोटं आहेत ती, काजूचा चीक लागला की कातडी सोलवटते, नवीन येते, परत सोलवटते, आणि शेवटी बोटांवर रेघाच उरत नाहीत. आमच्याकडे रेशनच्या दुकानातही मशीनवर ह्यांचा अंगठा उमटत नाही, दरवेळी चार बोटं बदलून बघावी लागतात, त्यामुळे मला काही नवल नव्हतं. तिथली बाई एकेक बोट धरून काचेवर डावीउजवीकडे लोळवतेय, स्क्रीनवर लाल फुली, परत ओला टिश्यू, परत दाबलं, परत फुली. तिने विचारलं काम काय करता, मी म्हटलं कॅश्यू. तिला वाटलं कॅशियर. शेवटी तिने कसलंसं लोशन बोटांना चोळलं, थोडं थांबवलं आणि मग एकेक करून झाले. ह्यांनी बाहेर आल्यावर बोटांचा वास घेतला आणि म्हणाले आपल्या खोबरेल तेलानेही झालं असतं.

त्यानंतर आम्ही निघालो. चतुर्थीच्या आधी घर उघडून झाडलोट, गणपतीवरची माटवी (फळाफुलांची टांगती सजावट) बांधायची, चाकरमान्यांच्या गर्दीच्या आधी पोचायचं होतं. बरोबर काय आणलं तर पासपोर्ट, ग्रीन कार्ड, अर्जाच्या पावत्या, ठसे दिल्याची शिक्का मारलेली चिठ्ठी. पावती म्हणजे परमिट नव्हे, ती दाखवून कोणी वर्षानंतर आत घेत नाही, पण अर्ज केलाय हे दाखवता येतं. परमिट कुठे पाठवायचं ते फॉर्ममध्येच विचारतात, तिकडच्या पत्त्यावर की बाहेरच्या एखाद्या अमेरिकन कॉन्सुलेटमध्ये. आम्ही लेकीचा पत्ता दिला कारण तिकडून येणारंजाणारं कोणी ना कोणी असतंच, आणि कॉन्सुलेटचं म्हटलं की परत मुंबईची फेरी, मुंबई-गोवा हायवेबद्दल तर मी आता काही बोलतच नाही.

फी आमच्या वेळी माणशी ६३० डॉलर होती. माणशी, हे लक्षात घ्या. नवराबायकोचा मिळून एक अर्ज असं काही नसतं. दोघांच्या दोन फायली, दोन नंबर, दोन नशिबं. याचं पुढे सांगते.

मधे एक टॅक्सचं, कारण हे कोणीच सांगत नाही. परमिटवर बाहेर राहिलात तरी तुम्ही अमेरिकेचे रेसिडेंटच, त्यामुळे रिटर्न तिकडेही भरायचा, रेसिडेंट म्हणूनच भरायचा, आणि जगभरचं उत्पन्न दाखवायचं. नॉन-रेसिडेंटचा फॉर्म भरलात तर तुम्हीच लिहून दिलंत की मी तिकडे राहत नाही. आता ह्यांची पेन्शन, माझी पेन्शन, इथल्या बँकेतल्या एफडी, आणि आंबा. आपल्याकडे शेतीच्या उत्पन्नावर इन्कम टॅक्स नाही, तिकडे तशी माफी नाही, आंब्याचे पैसे सुद्धा त्यात धरायचे. इथल्या सगळ्या खात्यांत मिळून वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर रक्कम गेली असेल तर त्याचा वेगळा फॉर्म. तिकडच्या अकाउंटंटने विचारलं, आंब्याच्या खर्चाची बिलं आहेत का. ह्यांनी फवारणीची, खताची, पेट्यांची, गवताच्या पेंढ्यांची सगळी बिलं वहीत चिकटवून ठेवलेली, तीस वर्षांची सवय. अकाउंटंट म्हणे असा क्लायंट बघितला नाही. हे त्या दिवशी पहिल्यांदा अमेरिकेवर खूश झाले.

आता सध्याची परिस्थिती. पावसाळा तोंडावर आलाय. आम्हाला येऊन १८० दिवस कधीच होऊन गेले, म्हणजे आता परत जाताना कायद्याने आम्ही नव्याने प्रवेश मागतोय असं धरू शकतात आणि प्रश्न जास्त विचारू शकतात. ज्यांना पुढे सिटिझन व्हायचंय त्यांच्यासाठी तर सहा महिने ही फार मोठी रेघ आहे, त्यापुढे गेलात की तुमचं सलग राहणं तुटलं असं गृहीत धरतात आणि ते तसं नाही हे तुम्ही सिद्ध करायचं, वर्ष उलटलं तर तुटलंच, हातात परमिट असलं तरी. परमिट कार्ड वाचवतं, सिटिझनशिपचं घड्याळ नाही वाचवत. आम्हाला त्यातलं काही नको आहे त्यामुळे ती चिंता नाही. आमची रेघ एक वर्षाची. ती ओलांडली आणि परमिट नसलं तर कार्ड दाखवून विमानात बसूच देणार नाहीत. मग कॉन्सुलेटमध्ये एसबी-१ नावाच्या व्हिसाचा अर्ज, आणि तिथे दाखवायचं की परत यायचंच होतं पण आपल्या हातात नसलेल्या कारणाने अडकलो. आंब्याचा सीझन हे कारण चालत नाही, मी विचारलंय.

माझं स्वतःचं मत विचाराल तर, आमच्यासारख्या बऱ्याच आईबाबांना ग्रीन कार्डाची गरजच नव्हती. दहा वर्षांचा व्हिजिटर व्हिसा असतो, एका वेळी साधारण सहा महिने राहू देतात, नातवंडं बघून होतात, आणि अबूधाबीला कोणी विचारलं कुठे राहता तर बिनधास्त देवगड म्हणता येतं. मुलं प्रेमाने करतात सगळं, पण कार्ड घ्यायच्या आधी आईबाबांनी घरात बसून एकदा खरं काय ते बोलून घ्यावं. आणि कार्ड नकोच असेल तर ते परत करायचा सुद्धा रीतसर फॉर्म आहे, आय-४०७, तो भरून मग व्हिजिटर व्हिसा मागता येतो. मिळेलच अशी खात्री नाही, पण सरळ रस्ता आहे. फक्त तो फॉर्म आपण ठरवून भरायचा. विमानतळावर कोणी पुढे केला आणि भीतीने सही केली असं नको. तिथे सही करायची सक्ती नसते, माझं म्हणणं जजपुढे मांडायचंय असं सांगता येतं. हे प्रत्येकाने आपल्या आईबाबांना पाठ करायला लावा, आमच्या लेकीने लावलं.

ह्यांना सांगितलं ते चारशे सातचं. म्हटलं तुमचं मन नाही तर तुम्ही द्या परत. तेवढ्यात लेकीचा फोन, एकाचं परमिट घरी आलं! विचारलं कोणाचं, तर ह्यांचं. ज्यांना नको त्यांचं आलं आणि मी, जिला दर हिवाळ्यात नातवाला शाळेच्या बसपर्यंत सोडायचंय, तिचं अजून "केस वॉज रिसीव्ह्ड". एकाच लिफाफ्यातून गेलेले अर्ज आहेत हो. लेक रोज सकाळी तिचा कॉफीचा कप घेऊन स्टेटस बघते आणि मला इकडे संध्याकाळी मेसेज टाकते, नो चेंज आई.

सासूबाईंना हे सगळं समजावणं वेगळंच काम आहे. रोज ओसरीवरून हाक, "गो, तुजो तो कागद इलो काय?" नाही म्हटलं की म्हणतात, "मगे तू जा. माज्या झिलाक हयच ऱ्हवांदे." वकिलाने एवढे पैसे घेऊन शेवटी हाच सल्ला दिला.

कारण हिशोब तसाच निघतो. ह्यांचं परमिट झालंय, भाचा जुलैच्या आधी तिकडून येतोय तो घेऊन येईल, हे दोन वर्षं आईजवळ बाग बघत राहू शकतात, मधेच गेले तर चांगलंच. माझं पेंडिंग, मी वर्ष भरायच्या आत जायचं. मी तिकडे असताना माझं परमिट आलं तर बरंच, नाही आलं तरी अर्ज चालूच राहतो, मी आत गेले म्हणून तो थांबत नाही. जुलैचं तिकीट काढलंय. वर्षाच्या अगदी टोकाला नाही, मधे काही आठवडे राखून, कारण कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागलं की गाड्या हळू चालतात, कुठे दरड आली की तेही गेलं, आणि विमान चुकलं म्हणून वर्ष उलटलं हे कारण मला कुठल्याही कॉन्सुलेटमध्ये सांगायचं नाहीये. कणकवलीहून आदल्या दिवशीच्याही आदल्या दिवशी निघणार.

गणपतीला मी नसणार ह्या वेळी. ह्यांना भात लावता येतो, आमटी येते, मोदक येत नाहीत. सासूबाई म्हणतात मी बसून सांगते, तो करतलो. लेकीने व्हिडिओ कॉल लावायचं कबूल केलंय, मला बघायचंच आहे.